बाळंतिणीला आधार द्यायला शिक्षण कशाला?

प्रश्न : माझी मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, वर्गात पहिल्या पाचांत असते. तिने पुढे अतिदक्षता विभागाचं विशेष प्रशिक्षण घ्यावं किंवा रुग्णालय व्यवस्थापनाकडे वळावं, असं आम्हाला वाटतं. तिला मात्र बाळंतपणानंतर आयांना आधार देण्याचं काम करायचं आहे. त्यासाठी सहा दिवसांचा एक ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्सही तिने शोधलाय. हे काम घरोघरच्या बायका पिढ्यानपिढ्या करत आल्या, त्याला शिक्षण कशाला? शिवाय तिला स्वतःचं मूल नाही, बाळंतिणी तिचं का ऐकतील? तिच्या जन्मानंतर चार-पाच महिने मला रोज रडू यायचं, तिला उचलून घ्यायचीही भीती वाटायची. मी कुणाला बोलले नाही, निभावलं. अतिदक्षतेच्या अर्जाची मुदत पुढच्या महिन्यात संपते. तिला समजवा. (एक आई)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा रडण्याच्या त्या ओळीपाशी थांबले. मार्क आणि अर्ज यांच्या मधे ती तुम्ही घाईघाईने लिहून टाकलीत, जणू त्यात विशेष काही नाही. चार-पाच महिने रोज रडणं, स्वतःच्या बाळाला उचलायची भीती, आणि विचारायला कुणी नाही. ‘निभावलं’ असं तुम्ही म्हणता. मला त्या शब्दाचं कौतुक करता येत नाही. तुम्ही एकटीने सोसलंत, आणि ते सोसायची गरज नव्हती.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे इतक्या वर्षांनी पत्रावरून निदान करणार नाही. पण एवढं नक्की सांगते : बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कारण नसताना डोळे भरून येणं बहुतेक जणींना अनुभवावं लागतं आणि ते साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही जे टिकतं, त्याकडे कुणीतरी जाणत्याने पाहायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, आणि त्यात मुख्यतः नैराश्य असतं. ‘आई झालीस, आनंदात राहा’ असं ज्यांना सगळेच सांगतात आणि ‘तू कशी आहेस?’ असं कुणीच विचारत नाही, अशा या बायका आहेत.

तुमच्या मुलीला त्यांनाच हा प्रश्न विचारायचा आहे. आणि तिला त्यापासून परावृत्त करा, असं तुम्ही मला सांगताय.

‘घरच्या बायका करतच आल्या’ हे खरं आहे, आणि त्यांचे उपकार मोठे आहेत. पण अनुभव हीच पात्रता, हा गैरसमज मात्र मला खोडायचाच आहे. जिने एकदा मूल जन्माला घातलं तिला एक बाळंतपण ठाऊक असतं, स्वतःचं. समोरची वेगळी निघाली की तिथे अनुभवच आड येतो. ‘माझं तर असं काही झालं नव्हतं’, या एका वाक्याने किती जणींची तोंडं बंद झाली असतील! तासाभरात पॅड भिजवणारा रक्तस्राव, ताप, एकाच पोटरीत दुखणं आणि सूज, डोकं फुटेल असं दुखून डोळ्यांसमोर अंधारी येणं, ही लक्षणं घरी आल्यानंतरही उद्भवू शकतात. रक्तदाब बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंतही धोकादायक वाढू शकतो. दर हजारांत एक-दोघींना तर पहिल्या दोन आठवड्यांतच भ्रम होऊ लागतात, नसलेले आवाज ऐकू येतात. ती तातडीची वेळ असते, ‘झोप झाली की बरं वाटेल’ म्हणून थांबायची नाही. हे ओळखायला मूल असावं लागत नाही, शिकलेलं असावं लागतं. हृदयरोगतज्ज्ञाला आपण कधी विचारतो का, की तुम्हाला झटका येऊन गेलाय का?

उरला प्रश्न नुसत्या ‘आधारा’चा. १९८७ साली स्कॉटलंडमधल्या एडिनबरा इथे मानसोपचारतज्ज्ञ जॉन कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतिणींसाठी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. गेल्या सात दिवसांत तुम्हाला कसं वाटलं, एवढंच ती विचारते. पाच मिनिटांत भरून होते. दहावा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांचा आहे. प्रश्न वाचून दाखवणं कुणालाही जमेल. पण तिथे ‘हो’ आलं, तर पुढच्या मिनिटाला काय बोलायचं, तिला एकटं न सोडता कुणाला बोलवायचं, घरच्यांना काय सांगायचं, हे शिकावंच लागतं.

याच मंडळींनी १९८९ मध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. घरोघर भेटी देणाऱ्या परिचारिकांना, मधे न बोलता, सल्ला न लादता ऐकून घ्यायचं प्रशिक्षण दिलं. नैराश्य आलेल्या काही आयांना त्यांनी दर आठवड्याला एक अशा आठ भेटी दिल्या. तीन महिन्यांनंतर भेटी मिळालेल्या २६ पैकी १८ जणी पूर्ण बऱ्या झालेल्या होत्या. न मिळालेल्या २४ पैकी नऊच. अभ्यास लहान आहे, पण तुमच्या पत्राशेजारी ठेवून मी तो पुन्हा वाचला आणि मनात आलं, आठ भेटी. तुम्हाला एकही मिळाली नाही.

आता मुलीसाठी. हे तिला वाचून दाखवा. त्या अभ्यासातलं प्रशिक्षण छोटंच होतं, पण ते आधीच्या पक्क्या परिचारिका-शिक्षणावर दिलेलं होतं. त्यामुळे पदवी आधी पूर्ण कर. सहा दिवसांच्या सर्टिफिकेटने तू ‘तज्ज्ञ’ होणार नाहीस, आणि तो कोर्स तसं म्हणत असेल तर तिथे पैसे भरू नकोस. कोर्सवाल्यांना विचार : प्रत्यक्ष किती आया भेटतील, माझं काम कोण तपासेल, माझ्या आवाक्याबाहेरचं कधी आणि कुणाकडे पाठवायचं हे शिकवणार का? गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरीकडे बघ.

मार्ग नेहमीचेच आहेत : प्रसूतिविद्येतलं पुढचं शिक्षण, माता-मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण, किंवा स्तनपान सल्लागाराची आंतरराष्ट्रीय परीक्षा, जी १९८५ पासून होते आणि जिच्यासाठी शिकवणीबरोबर प्रत्यक्ष कामाचे बरेच तास भरावे लागतात. मी तिच्या जागी असते तर आधी दोन वर्षं प्रसूतिपश्चात विभागात नोकरी केली असती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत किमान चार तपासण्या व्हायला हव्यात. त्या चारही वेळी आई काय बोलते आणि काय गिळून टाकते, हे ऐकायला तिथेच शिकता येईल. स्वतंत्र काम त्यानंतर. त्यात सुरुवातीची कमाई अनियमित असते, आणि दुसऱ्यांचं रडणं रोज ऐकणाऱ्याला स्वतःचं मन मोकळं करायलाही कुणीतरी लागतं. ती सोय आधी करून ठेव.

ताई, अतिदक्षता आणि व्यवस्थापन ही चांगली क्षेत्रं आहेत. पण तिला ती नकोत आणि तुम्हाला हवीत, यापलीकडे मला पत्रात त्यांच्या बाजूने काही सापडलं नाही. म्हणून मी तिला समजावणार नाही. मुदत संपायच्या आत तुम्हीच तिच्याशी बोला, मात्र अर्जाविषयी नको. तिच्या जन्मानंतरचे ते चार-पाच महिने तिला सांगा. मला वाटतं, तिला ते ठाऊक नसावेत. आणि सांगताना घसा दाटून आला, झोप उडाली, तर या वेळी एखाद्या समुपदेशकाची वेळ घ्या. इतक्या वर्षांनीही चालतं.