टीममधले सगळे उघडे पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधला बदल सामावून घ्यायची विनंती) आपोआप रीबेस करून घेता येतात का?

तुमची अडचण अशी आहे: मेनमध्ये (मुख्य ब्रँचमध्ये) काहीही मर्ज झालं, म्हणजे मिसळलं, की बाकीच्यांनी आपापली ब्रँच हाताने रीबेस करायची (आपले बदल ताज्या मेनवर पुन्हा बसवायचे), सीआय (कोडच्या आपोआप होणाऱ्या चाचण्या) हिरवं व्हायची वाट बघायची, आणि तेवढ्यात दुसराच कुणीतरी मर्ज करून मोकळा होतो. की पुन्हा पहिल्यापासून. हे काम बॉटवर टाकता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

येईल. पण सगळे उघडे पीआर त्याच्या हाती देऊ नका. ज्याचा मर्जचा नंबर लागलाय, तेवढाच ताजा करून घ्या.

हिशोब करून बघा. 10 पीआर मंजूर होऊन उभे आहेत. पहिला मर्ज झाला, बॉटने उरलेले 9 रीबेस केले, म्हणजे सीआय 9 वेळा. दुसरा गेला की 8 वेळा. दहावा मर्ज होईपर्यंत 45 वेळा सीआय चाललं. एका वेळेला 20 मिनिटं धरली तर रनरचे (सीआय चालवणाऱ्या मशीनचे) 15 तास. त्यातले उपयोगी पडले 9 रन, बाकी 36 निकाल कुणी ढुंकूनही पाहिले नाहीत. शिवाय रीबेसनंतर फोर्स पुश करावा लागतो (सर्व्हरवरच्या ब्रँचचा जुना इतिहास पुसून नवा ढकलणं), आणि त्या प्रत्येक पुशला कमिटचे (नोंदवलेल्या बदलांचे) हॅश, म्हणजे ओळख क्रमांक, बदलतात, रिव्ह्यूमधल्या कमेंट ‘आउटडेटेड’ होऊ शकतात, आधी दिलेली मंजुरी सेटिंगनुसार रद्द होऊ शकते, आणि कमिटवर सही असेल तर तीही जाते. तुमच्या नावाची सही बॉट कुठून करणार?

मग ‘ब्रँच अप टू डेट हवी’ (मर्जआधी तिच्यात मेनचे ताजे बदल हवेत) हा नियमच काढून टाकायचा का? तेही नको. मी एका फंक्शनचं नाव बदललं, तुम्ही दुसऱ्याच फाइलमध्ये त्याला जुन्या नावाने हाक मारली. गिटला (कोडचे बदल सांभाळणाऱ्या साधनाला) कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच जागी भिडणारे बदल, दिसत नाही, दोन्ही पीआर हिरवे, आणि दोन्ही मर्ज झाल्यावर मेन लाल. नियम यासाठीच आहे.

यावरचा उपाय म्हणजे मर्ज क्यू, म्हणजे मंजूर पीआर रांगेत लावून तपासून मर्ज करणारी सोय. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर ही सोय जुलै 2023 पासून ऑर्गनायझेशनच्या रेपोंसाठी (कोडच्या साठ्यांसाठी) खुली झाली (खाजगी रेपोला मात्र एंटरप्राइझ प्लॅन लागतो), गिटलॅब या तशाच साइटवर तिला मर्ज ट्रेन म्हणतात, आणि रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पात बॉर्स नावाचा बॉट त्याच्या कितीतरी आधीपासून हेच काम करत आलाय. गिटहबचा क्यू मेन, रांगेतले पुढचे पीआर आणि तुमचा पीआर मिळून एक तात्पुरती ब्रँच बनवतो, तिच्यावर सीआय चालवतो, आणि हिरवं आलं तरच मेन पुढे सरकते. तुमच्या मूळ ब्रँचला हातच लागत नाही, त्यामुळे मंजुरी आणि कमेंट जागच्या जागी राहतात. वर्कफ्लोमध्ये (सीआयने काय कधी चालवायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) ‘मर्ज ग्रुप’ हा इव्हेंट जोडायला मात्र विसरू नका. तो नसेल तर चेक सुरूच होत नाहीत आणि रांग नुसती ताटकळत बसते.

क्यू मिळण्यासारखा नसेल आणि स्वतःच स्क्रिप्ट लिहायची असेल, तर ती ठरावीक लेबल लावलेल्या एकाच पीआरवर चालवा. अडकायच्या जागा ठरलेल्या आहेत. गिटहब ॲक्शन्सचं (गिटहबच्या स्वतःच्या सीआयचं) चेकआउट, म्हणजे रनरवर कोड आणायची पायरी, मुळात फक्त शेवटचं कमिट आणतं. रीबेसला दोन्ही ब्रँचचा समान पूर्वज लागतो, म्हणून फेच डेप्थ 0 ठेवा, म्हणजे सगळा इतिहास येतो. वर्कफ्लोला आयतं मिळणारं टोकन (परवानगीची किल्ली) वापरून पुश केलंत तर त्या पुशवर सीआय आपोआप सुरू होत नाही. एक वर्कफ्लो दुसऱ्याला अनंतकाळ चालवत बसू नये म्हणून ती मुद्दाम ठेवलेली अट आहे. त्यासाठी वेगळ्या गिटहब ॲपचं टोकन घ्या.

सगळ्यात जपायची जागा म्हणजे फोर्स पुश. बॉट रीबेस करत असताना त्याच ब्रँचवर कुणी नवं कमिट ढकललं, तर साधा ‘फोर्स’ ते मुकाट्याने पुसून टाकतो. ‘फोर्स-विथ-लीज’ (ब्रँच अपेक्षित कमिटवरच असेल तरच पुश होऊ देणारा पर्याय) वापरा, आणि त्यात सुरुवातीला वाचलेला हॅश स्वतः लिहून द्या. नुसत्या लीजवर विसंबू नका, कारण मध्येच कुठेतरी फेच झालं (सर्व्हरवरचे नवे बदल खाली आले) की गिटला वाटतं तुम्ही ते नवं कमिट पाहिलंय, आणि ते पुशला वाट मोकळी करून देतं.

कॉन्फ्लिक्ट आला की बॉटने रीबेस सोडून द्यावा, पीआरवर एक कमेंट टाकावी आणि थांबावं. ‘थीअर्स’ वगैरे पर्याय देऊन कॉन्फ्लिक्ट आपोआप मिटवायच्या फंदात पडू नका; रीबेसमध्ये ‘अवर्स’ म्हणजे मेन आणि ‘थीअर्स’ म्हणजे तुमचाच कोड, इथे भले भले गोंधळतात. ‘रेरेरे’ (एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट लक्षात ठेवून पुढे तसाच सोडवणारी गिटची सोय) चालू करा असा सल्लाही मिळेल. स्वतःच्या मशीनवर तो उत्तम चालतो, पण त्याची आठवण लोकल रेपोतच राहते, दर वेळी नव्याने क्लोन होणाऱ्या रनरला तिचा काही उपयोग नाही.

आणि रेनोव्हेट (लायब्ररींच्या नव्या आवृत्त्यांसाठी आपोआप पीआर उघडणारा बॉट) वापरत असाल तर त्याची ‘रीबेस व्हेन’ सेटिंग आधी बघा. ती ‘ऑटो’वर असेल आणि अप-टू-डेटचा नियम चालू असेल, तर मेन हलली की तो आपले पीआर स्वतःच रीबेस करत सुटतो. ती ‘कॉन्फ्लिक्टेड’ (फक्त कॉन्फ्लिक्ट आला तरच रीबेस) केलीत तर सीआयवरचा बराच भार तिथेच उतरेल.