अक्षता पडण्याआधी तक्रार दाखल करा

जुळे सोलापूरच्या एका ताईंचं पत्र आहे. दोन वर्षांपूर्वी ११ जानेवारीला व्हीलचेअरवरच्या वडिलांना घेऊन त्या गड्ड्यासाठी, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेसाठी, घरी येत होत्या. गाडी बदलायच्या जंक्शनवर लिफ्ट बंद. व्हीलचेअर होती, पण ढकलायला माणूस नव्हता. पुढची गाडी चुकली, टॅक्सीला साडेपाच हजार गेले. तेव्हापासून रेल्वेकडे तक्रारी, स्मरणपत्रं आणि ‘योग्य ती कार्यवाही केली आहे’ छापाची उत्तरं. शेवटी विचारतात, ‘यंदाचा गड्डा झाला की वकील गाठते, चालेल ना?’

नाही चालणार. स्थानकावर सोय हवी होती की नको यावर तुम्ही चार पानं खर्ची घातलीत, ती वाचवता आली असती. सगळं अडलंय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम ६९वर. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, बस्स. रेल्वेचं शेवटचं उत्तर कधी आलं याला इथे किंमत नाही. पत्रव्यवहाराने मुदत वाढत नसते. असं पत्र महिन्याला एक तरी येतं, आणि फाइल जितकी जाड तितका माणूस निर्धास्त! उशीर माफ करायची तरतूद आहे, पण ‘उत्तराची वाट बघत होते’ या कारणावर मी पैज लावणार नाही.

तेव्हा संमती कट्ट्यावर यात्रेतल्या लग्नसोहळ्याच्या अक्षता पडायच्या आत, ११ तारखेपूर्वीच, सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार जाऊ द्या. तक्रारदार जिथे राहतो तिथे ती करता येते, त्यामुळे जंक्शनच्या गावी हेलपाटा नको. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही भरता येते. एवढ्या रकमेच्या तिकिटाला फी नाही. विरुद्ध पक्ष भारत सरकार, संबंधित रेल्वेच्या महाव्यवस्थापकांमार्फत. तिकिटाच्या पैशांचा परतावा मात्र मागू नका. तो रेल्वे दावा न्यायाधिकरणाचा विषय, आणि समोरचा वकील तेवढ्यावरच वर्षभर खेळवेल. सेवेतल्या त्रुटीची भरपाई मागा.

दिव्यांग हक्क कायद्याचा आधार जरूर घ्या. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्याची पाच वर्षांची मुदत जून २०२२मध्येच संपली, आणि सुगमतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये बेकायदा ठरवला. पण हा कायदा लिफ्टबाबत जितका कामी येईल तितका माणूस नसण्याबाबत येईलच असं नाही. ‘व्हीलचेअर मोफत, हमालाचे पैसे वेगळे’ असं उत्तर येईल. पैसे द्यायची तयारी असूनही माणूस मिळाला नाही, हे तक्रारीत स्पष्ट लिहा. त्याच दिवशी रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर केलेल्या तक्रारीचा क्रमांक जोडा. भरपाई किती मिळेल, आज सांगता येत नाही. निकाल तीन महिन्यांत लावावा असं कायदा म्हणतो. तुम्ही मात्र दोन-तीन कॅलेंडरं आणून ठेवा.

तिकीट वडिलांच्या नावावर आहे, म्हणून तक्रारदार तेच. सही किंवा अंगठा आजच घ्या. टॅक्सीची पावती नाही म्हणता; यूपीआयने दिले असतील तर बँकेचा उतारा काढा. रोख दिले असतील तर त्या साडेपाच हजारांवर फार अडून बसू नका.