पूररेषेच्या बाहेर घर म्हणजे सेफ का?

प्रश्न : आमच्या नदीचा नवीन पूरनकाशा आलाय. त्यात दोन रेषा आहेत, आतली 25 वर्षांच्या पुराची आणि बाहेरची 100 वर्षांच्या. आमचं घर बाहेरच्या रेषेच्या जेमतेम पलीकडे. मोठा पूर गेल्याच वर्षी येऊन गेला, मग आता काळजी नाही ना?

उत्तर : आहे की. 100 वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी 1 टक्का शक्यता असलेला पूर, गेल्या वर्षी आला म्हणून यंदाची शक्यता कमी होत नाही. बाहेरच्या रेषेवरच्या घरात कुणी 30 वर्षं राहिलं तर तेवढ्यात निदान एकदा पाणी येण्याची शक्यता साधारण 26 टक्के, आणि आतल्या रेषेवर हाच हिशोब 70 च्या वर जातो.

आता तुमचं ते 'जेमतेम'. रेषा काढताना आधी जुन्या विसर्गाच्या, म्हणजे नदीतून सेकंदाला किती पाणी वाहिलं त्याच्या नोंदींवरून पुराचा आकडा काढतात, मग नदीचे आडवे छेद घेऊन हेक-राससारख्या सॉफ्टवेअरमध्ये पाणी कुठल्या पातळीपर्यंत चढेल ते बघतात, आणि ती पातळी जमिनीला जिथे टेकते तिथे रेषा पडते. म्हणजे बऱ्याचदा नोंदी तीस-चाळीस वर्षांच्या आणि अंदाज शंभरचा! जमिनीला तीनशे फुटांत एक फूट उतार असेल तर पातळीत अर्धा फूट इकडेतिकडे झालं की रेषा सरळ दीडशे फूट सरकते. म्हणून रेषेच्या आत की बाहेर यावर वाद घालत बसू नका, तुमच्या जागेपाशी पूरपातळी किती मीटर धरलीय ते विचारा आणि घराच्या जोत्याची उंची त्याच बेंचमार्कवरून, म्हणजे उंची मोजायला धरलेल्या पक्क्या खुणेवरून मोजून घ्या. आणि हो, अशा नकाशात सहसा फक्त नदीचं पाणी धरलेलं असतं, गटार तुंबून जे घरात येतं ते नाही.

प्रश्न : वस्तीतल्या लोकांनी मिळून स्वतःचा नकाशा केला तर चालेल का? सॅटेलाइटचा फ्री डेटा पुरेल का?

उत्तर : जरूर करा, पण फक्त सॅटेलाइटवर नको. जो फुकट उंचीचा डेटा मिळतो त्यात साधारण 30 मीटरच्या चौकोनाला एकच उंची असते आणि चूक काही मीटरची असू शकते, त्यात बांध, नाला, रस्त्याचा भराव सगळं सपाट होऊन जातं. सेंटिनेल-1 या सॅटेलाइटचं रडार ढगातून बघतं हे खरं, पण ते काही दिवसांनी एकदा वरून जातं, नेमकं पाणी चढलेलं असताना जाईलच असं नाही, आणि दाट घरांमध्ये त्याचा गोंधळ उडतो. मोबाईलच्या जीपीएसवरून उंची तर घेऊच नका.

खरा माल भिंतींवर असतो. पूर ओसरला की दोनचार दिवसांत गाळाच्या रेघा पक्क्या करून घ्या, पुढच्या पावसात त्या धुऊन जातात. शक्यतो खोलीच्या आतली रेघ घ्या, तिथे लाटा नसतात त्यामुळे ती सरळ आणि बारीक उमटते. झाडाला अडकलेल्या कचऱ्यावर विश्वास नको, प्रवाहाच्या बाजूला पाणी उसळून तो वर चढतो. मग गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी घ्या, आत बुडबुडा राहिलेला नाही ना बघा, आणि सगळ्या खुणा एकाच पक्क्या बेंचमार्कला जोडा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाणी कुठून शिरलं आणि कुठल्या क्रमानं, ते प्रत्येकाला विचारून नकाशात लिहा. बरेचदा पाणी काठावरून येतच नाही, नदी फुगली की ते नाल्यातून उलटं मागे येतं आणि मागची गल्ली आधी बुडते. बाहेर पडायचा रस्ता घरांच्या आधी पाण्याखाली जातोय का, हे अधिकृत नकाशात बघून चटकन कळत नाही, तुमच्यात मात्र लाल रंगात पाहिजे, कारण निघायची वेळ त्यावरूनच ठरणार.

प्रश्न : नदीला भिंत बांधली तर रेषा आत सरकेल का?

उत्तर : कागदावर सरकू शकते. पण अडवलेलं पाणी समोरच्या काठावर किंवा वरच्या अंगाला चढतं, तेव्हा तिथलाही नकाशा नव्यानं करायला लावा. आणि भिंतीमागच्या भागाला कोरा पांढरा रंग देऊ नका, भिंत फुटली किंवा वरून पाणी गेलं तर किती खोल भरेल तो आकडा तिथे लिहा.