आधी फट बघा, मग ट्यूब

या वेळच्या पत्रांत एकाच विषयाने रांग लावली आहे, फटी भरायचं सिलिकॉन, म्हणजे ट्यूबमधून निघून रबरासारखं घट्ट होणारं : 'कुठलं सिलिकॉन चांगलं?' असं विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, फटीच्या दोन्ही बाजूंना काय आहे, ती हलते का, आणि वरून रंग द्यायचाय का? तीस वर्षं मी काचा आणि खिडक्या बसवल्या. ट्यूबने दगा दिल्याचे प्रसंग त्यात थोडे, चुकीच्या जागी चुकीची ट्यूब मारल्याचेच जास्त. त्यातले काही माझेच.

प्रश्न : बाथटबच्या कडेचं सिलिकॉन दर वर्षी काळं पडतं आणि सुटतं. दोनदा जुन्यावरच नवा थर दिला, दोन्ही वेळा भारीतली ट्यूब आणून. काय चुकतंय?

'जुन्यावरच' या शब्दात सगळं आलं. वाळलेल्या सिलिकॉनला काहीच धड चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. तुमचा नवा थर टाइलला धरून नव्हताच, जुन्या थरावर नुसता बसला होता. बुरशीही खालीच होती, ती वर आली.

जुनं सगळं काढा. धारदार पात्याने दोन्ही कडा चिरा, पट्टी ओढून काढा, उरलंसुरलं प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. मग डोळे मिटून बोट फिरवा. जिथे बोट रबरावर अडल्यासारखं अडेल, तिथे पापुद्रा शिल्लक आहे. डोळ्यांना तो दिसत नाही. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि जागा रात्रभर वाळू द्या.

आता टब पाण्याने भरा, आणि भरलेला असतानाच सिलिकॉन मारा. भरल्या टबाच्या वजनाने फट रुंदावते. रिकाम्या टबाला मारलेली पट्टी पहिल्याच आंघोळीला ताणली जाते आणि तिथून सुटायला लागते. ट्यूब बुरशीनाशक घातलेली, म्हणजे 'सॅनिटरी' लिहिलेली घ्या. फटीच्या वर-खाली मास्किंग टेप लावा, नोझल तिरकं कापा, एका दमात ओढा. साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट वरून एकदाच फिरवा. दुसऱ्यांदा फिरवायचा मोह होतो, आणि तिथेच पट्टी बिघडते. वर साय धरायच्या आत टेप काढून टाका.

सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, बाहेरून आत, दिवसाला साधारण 2 ते 3 मिमी. हाताला कोरडं लागलं म्हणून लगेच शॉवर सोडू नका. टब एक पूर्ण दिवस तसाच भरलेला ठेवा, पट्टी जाड असेल तर दोन.

प्रश्न : संगमरवरावर बेसिन बसवायचंय. त्याच ट्यूबने मागचा आरसाही चिकटवला तर चालेल?

तुमच्याकडची ट्यूब कुठली आहे, त्यावर आहे. थोडं कागदावर काढून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट आला तर ते अ‍ॅसिटिक सिलिकॉन. काचेला आणि चकचकीत टाइलला ते झकास धरतं. पण वाळताना त्यातून आम्ल सुटतं. संगमरवराला आम्ल खातं, तांबं-पितळ गंजतं, आणि आरशामागचा चंदेरी थर जातो.

हे मी शिकलो ते एका घरातल्या मोठ्या आरशावर. मागे आंबट सिलिकॉनचे बारा गोळे लावून आरसा ऐटीत भिंतीवर दाबला. काही महिन्यांनी पुढून काळे डाग दिसू लागले, मोजून बारा. घरच्या बाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त आरशासमोर उभं राहून दाखवलं, एक डाग बरोबर नाकावर येत होता. नवा आरसा माझ्या खर्चाने बसला.

तेव्हा दोन्हीकडे 'न्यूट्रल' लिहिलेलं, म्हणजे वाळताना आम्ल न सोडणारं, वापरा, आरशासाठी 'आरशाला चालेल' असा उल्लेख असलेलं. संगमरवराला तेवढ्याने भागत नाही. काही न्यूट्रल सिलिकॉनमधलं तेलही दगडात मुरतं आणि कडेने ओलसर दिसणारी रेघ कायमची राहते. दगडासाठीचं, डाग न पाडणारं मागा, आणि आधी उरलेल्या तुकड्यावर लावून काही दिवस बघा.

प्रश्न : दाराची चौकट आणि भिंत यांमधली बारीक भेग सिलिकॉनने भरली. आता रंगारी म्हणतो, रंग धरत नाही.

रंगाऱ्याचं बरोबर आहे. खरवडून काढा आणि 'अ‍ॅक्रिलिक' लिहिलेली ट्यूब, फटी भरायचाच दुसरा प्रकार, आणून भरा. हात पाण्याने धुतले जातात, वाळल्यावर रंग बसतो. आकसतं मात्र, म्हणून वरून दुसरा थर लागेल. सतत पाणी लागणाऱ्या जागी ते नको.

प्रश्न : अंगणातल्या काँक्रीटमध्ये 20 मिमी रुंद, 60 मिमी खोल सांधा आहे. किती ट्यूब लागतील?

तळापर्यंत भरायला निघालात तर 300 मिलीची एक ट्यूब जेमतेम 25 सेंटिमीटर जाईल. पण भरायचाच नाही तळापर्यंत! फोमची गोल दोरी मिळते, बॅकर रॉड म्हणतात. सांध्यापेक्षा जरा जाड, तुमच्यासाठी 25 मिमीची, घ्या आणि वर 10 मिमी जागा राहील इतकी आत दाबा. रुंदीच्या निम्मी खोली, एवढं लक्षात ठेवा. त्याच ट्यूबमध्ये आता दीड मीटर होतं.

बचत हा वरचा फायदा. खरं कारण वेगळं आहे. काँक्रीट उन्हात फुगतं, थंडीत आकसतं, आणि भरलेला पट्टा दोन्ही बाजूंना ताणला जातो. तो तळालाही चिकटलेला असेल तर मोकळा ताणू शकत नाही, फाटतो. रबरबँड हवेत ताणून बघा, मग तोच टेबलाला पूर्ण चिकटवून ताणून बघा. फोमच्या दोरीला तो पट्टा घट्ट धरत नाही, म्हणून ती तळाशी हवी.

इथे सिलिकॉनऐवजी 'पॉलियुरेथेन' लिहिलेली ट्यूब वापरा. आधी सांध्यातली धूळ ब्रशने पूर्ण काढा. हातमोजे घालाच. एकदा बोटांना लागलं की साबणाला दाद देत नाही, काळी बोटं घेऊन हिंडावं लागतं.

प्रश्न : माशांची काचेची टाकी कोपऱ्यातून गळते. बाथरूमचं सिलिकॉन उरलंय, लावू?

नको. त्यातलं बुरशीनाशक माशांना बाधू शकतं. 'मत्स्यालयासाठी' लिहिलेलंच आणा. ते आंबट वासाचं असलं तरी चालतं, मात्र वास पूर्ण जाईपर्यंत मासे टाकीत सोडायचे नाहीत. बाहेरून थापून उपयोग नाही, आतलं पाणी ते ढकलून काढतं. टाकी रिकामी करून, कोपरा आतून खरवडून भरा.

उरलेल्या ट्यूबच्या तोंडात लांब खिळा खुपसून ठेवा. पुढच्या वेळी वाळलेली गुळी खिळ्यासकट बाहेर येईल. तारीख उलटली असेल तर आधी कागदावर थेंब काढा. तासाभरात साय धरली नाही तर ट्यूब कचऱ्यात.