धारेतला मासा, डोहातला मासा

नागपूर, आषाढ

प्रिय बेटा,

तुझं टिपण दोनदा वाचलं. धारेतले मासे सडपातळ आणि संथ पाण्यातले रुंद, हे तू लिहिलंस त्यात चूक नाही. पण पुढच्याच ओळीत कन्हान नदीच्या फेब्रुवारीतल्या डोहासमोर तू 'अधिवास : संथ पाणी' अशी नोंद केलीस, तिथे मी थांबलो. हे पत्र त्या एका नोंदीसाठी आहे.

आधी धारेचं बघू. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की माशाला मागे खेचणारी ओढ साधारण चौपट होते. सतत त्याविरुद्ध पोहायचं तर अंग निमुळतं हवं आणि शेपटी दुभंगलेली. डोहात मात्र झाडाच्या मुळांमधून, गवतातून जागच्या जागी वळावं लागतं. तिथे बाजूने चपटं, उंच अंग कामाला येतं. मरळ बघ, तिची शेपटी गोल. ती दबा धरून एका झेपेत भक्ष्य पकडते, दिवसभर धारेशी झुंजणं तिचं काम नाही. पुस्तकात मिळतं ते इथवर.

पण धारेत राहणं म्हणजे धारेत पोहणंच, असं नाही. नदीतल्या गोट्याला हात लावून बघ. दगडाच्या अगदी अंगालगत पाण्याचा वेग जवळजवळ संपतो. तो पातळ थर हेच कितीतरी माशांचं घर असतं. मळ्या हा मासा घे. पोट सपाट, छातीचे पर आडवे पसरलेले आणि तोंडामागे खालच्या बाजूला एक मांसल चकती. ती दगडाला टेकवून तो धारेत तसाच बसून राहतो. लोणा नावाच्या माशाच्या छातीवर तर कातडीच्या घड्यांचीच पकड तयार झालेली असते. तळाशी राहणाऱ्या अशा माशांचा वाताशय, म्हणजे तरंगायला मदत करणारी अंगातली हवेची पिशवी, हीसुद्धा बहुधा लहान असते, कारण वर तरंगणं त्यांना परवडत नाही. मुरी आणि वाम यांनी तिसराच मार्ग धरला. लांबट अंगाने ते दगडांच्या फटीत शिरतात आणि धारेला तोंडच देत नाहीत. म्हणजे एकाच खळाळात तीन प्रकारचे देह सापडतात, आणि 'सडपातळ' हा शब्द त्यांतल्या एकालाच नीट लागू पडतो.

मळ्या, मुरी, लोणा या नावांबद्दल थोडं लिहितो, कारण ती मला फार जवळची आहेत. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णनं छापली तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडची नावंच शास्त्रीय नावांत घातली: मुल्या, मूरे, लोनाह, शिंगटीची सींगटी, शिंगाळ्याची सींघाला. म्हणून तुझ्या वहीत लॅटिन नावाशेजारी ढीवर, म्हणजे इथले मासेमार, काय म्हणतात तेही लिही. एकाच माशाला कन्हानवर एक नाव आणि वैनगंगेवर दुसरं मिळालं तर दोन्ही लिही.

आता मूळ मुद्दा. आपली नदी वर्षभर एक नसते. पेंच बघ. पावसाळ्यात दोन्ही काठ भरून वाहते आणि उन्हाळ्यात तिचे सुटे सुटे डोह उरतात. पेंचवरच्या तोतलाडोह धरणाच्या नावातसुद्धा डोह आहेच. मे महिन्यात त्या डोहात तुला मळ्या सापडेल आणि चपट्या अंगाचा मासाही त्याच जाळ्यात येईल. दोघांच्या नावापुढे 'संथ पाणी' लिहिलंस तर मळ्याच्या चकतीचा अर्थ कसा लावणार? ती मे महिन्यासाठी नाहीच. ती जुलैसाठी आहे. जुलैच्या पुरात वाहून गेलेला मासा तुला मेमध्ये मोजायला मिळतच नाही.

मीही हीच चूक केली, आणि माझी दोन हिवाळ्यांची मोजमापं त्यात गेली. डिसेंबरात जिथे गुडघाभर पाण्यात उभा राहून मासे गोळा केले, ती जागा ऑगस्टात मला काठावरच्या एका म्हाताऱ्या ढीवराने दाखवली. पाण्याचा आवाज इतका होता की त्याला माझ्या कानाशी बोलावं लागलं. मी त्याला विचारलं, रुंद अंगाचे मासे आता कुठे जातात? त्याने काठाच्या बुडालेल्या गवताकडे आणि नाल्याच्या मुखाकडे बोट दाखवलं. पुरातही ते मासे मधल्या धारेत नव्हतेच. त्या दिवसापासून मी नदीचा वेग मोजायचं सोडलं आणि मासा जिथे असतो तिथला वेग मोजू लागलो. तूही तळाशी, दगडाआड आणि काठाला असा वेगवेगळा मोज.

आणखी एक गुंता आहे. बरेच मासे पावसाच्या सुरुवातीला वितात, आणि पिल्लं वाढतात ती पुढे उतरत्या पाण्यात. वाढत्या अंगाला ते पाणी वळण देतं. मग दोन ठिकाणच्या एकाच जातीत फरक दिसला तर तो पिढीजात म्हणायचा की त्या वर्षीच्या पाण्याने आलेला? नुसत्या मोजमापातून हे कळणार नाही. एकाच विणीतली पिल्लं दोन टाक्यांत वाढव. एकीत पंपाने प्रवाह ठेव, दुसरीत संथ पाणी. जागा लागेल, धीर त्याहून जास्त लागेल. पण याला पर्याय नाही.

आणि सगळा दोष प्रवाहाच्या माथी मारू नकोस. युरोपातल्या क्रूशियन कार्पवर ब्रॉनमार्क आणि मायनर या संशोधकांनी १९९२ साली दाखवलं की तळ्यात पाईक हा शिकारी मासा आला की कार्पचं अंग उंच होतं, गिळायला अवघड. पाणी तेवढंच संथ. तुझ्या डोहात मरळ किंवा शिंगाळा आहे का, हे तू कुठेच लिहिलेलं नाहीस.

मोजमापाचं थोडक्यात. फोटो नेहमी डाव्या कुशीचा घे, पट्टी शेजारी ठेवून, आणि मासा ताजा असतानाच. फॉर्मालिनच्या बरणीत तो वाकतो, आखडतो. अंड्यांनी फुगलेल्या माद्या वेगळ्या काढ, नाहीतर विणीचा हंगाम तुला 'रुंद शरीर' म्हणून दिसेल. लहान-मोठे मासे एकत्र करून सरासरी काढू नकोस, वाढताना देहाचं प्रमाणच बदलतं. आणि मळ्याची तुलना मरळीशी करून अधिवासाचं काही सिद्ध होत नाही, त्यांची घराणीच वेगळी. एकच जात घे, दोन पाणी घे. मला विचारशील तर धरणाच्या वरचा वाहता भाग आणि धरणाचा फुगवटा. पेंचला जायचं तर वनविभागाची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय जाळं उचलू नकोस.

सध्या कन्हानला पाणी चढतंय. तुझा तो फेब्रुवारीतला डोह आत्ता कुठे आहे, ते पुलावरून बघून ये. पाण्यात उतरू नकोस. सोबत वही ने आणि 'संथ पाणी' खोडून तिथे बारा महिन्यांचे बारा रकाने आख. आषाढाचा रकाना भरलास की वही घेऊन घरी ये, रविवारी सकाळी मी असतो.

तुझे सर