हिरवळीला खत घालायचा स्प्रेडर: नव्यांसाठी
अमेरिकेत पहिल्यांदाच घराभोवतीची लॉन सांभाळत असाल, तर हवेच्या चाकांचा स्प्रेडर, म्हणजे खताचे दाणे पसरत जाणारी ढकलगाडी, घ्या. प्लॅस्टिकच्या चाकांचा उंचसखल जमिनीवर अडखळतो आणि खत पट्ट्यापट्ट्यांनी पडतं.

खताच्या पिशवीवरचा पहिला आकडा नायट्रोजनच्या टक्केवारीचा. तो 25 असेल तर 1000 चौरस फुटांना 4 पौंड खत, म्हणजे 1 पौंड नायट्रोजन. एका वेळी याहून जास्त नकोच. पिशवीवर छापलेलं स्प्रेडरचं सेटिंग, म्हणजे दाणे सोडणारी झडप किती उघडायची तो आकडा, निव्वळ अंदाज समजा. खत तोलून घ्या आणि मोजलेल्या जागेत किती संपतं ते बघा. झडप निम्म्या मापावर ठेवून दोनदा फिरणं उत्तम, एकदा उभं, एकदा आडवं.

भरताना स्प्रेडर ड्राइव्हवेवर, झडप बंद. गवतावर मूठभर दाणे सांडले तरी तेवढा गोल करपतो. आधी चालायला लागा, मग झडप उघडा; थांबण्याआधी बंद करा. दाणे मागच्या फेरीच्या चाकाच्या खुणेपर्यंत पोचायला हवेत, नाहीतर मधे फिकट पट्टा राहतो.

ड्राइव्हवेवरचे दाणे झाडून गवतावर टाका, पावसात ते थेट गटारात जातात. काम झालं की स्प्रेडर धुऊन वाळवा. खताच्या क्षारांनी गिअर गंजतात.