कन्फ्यूशियसवर एम.एड.चा प्रबंध: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न: मी एम.एड. करते आहे. 'कन्फ्यूशियस आणि पाठांतर' असा प्रबंधाचा विषय डोक्यात आहे. चिनी भाषा शिकावी लागेल का? पुढे नोकरीसाठी उपयोग होईल का?

उत्तर: विषय घ्या, पण शीर्षकातलं 'पाठांतर' आताच काढा. नाहीतर निष्कर्ष आधी आणि वाचन नंतर, असं होईल. कन्फ्यूशियसचा काळ इ.स.पू. 551 ते 479. नंतरचा चिनी विचारवंत चू शी (1130–1200) याच्या भाष्यांसह कन्फ्यूशियस परंपरेतले 'चार ग्रंथ' चीनमधल्या सरकारी नोकरीच्या परीक्षेचा पाया झाले ते चौदाव्या शतकात. ती परीक्षा 1905 मध्ये बंद झाली. घोकंपट्टीचा शिक्का बराचसा या परीक्षेचा आहे. गुरू आणि परीक्षा यांची प्रकरणं वेगळी ठेवा.

'लुन्यू' म्हणजे कन्फ्यूशियसच्या वचनांचा आणि संवादांचा संग्रह. त्याचे 20 भाग आहेत. 7.8 (सातव्या भागातला आठवा उतारा) पासून सुरुवात करा: विद्यार्थी स्वतः झगडल्याशिवाय उकल करून द्यायची नाही, एक कोपरा दाखवल्यावर उरलेले तीन त्याने शोधले नाहीत, तर तो धडा पुन्हा नाही. (आपल्या साठ जणांच्या वर्गात हे कसं जमणार, यावरच एक प्रकरण होईल.) मग 11.22. 'ऐकलेलं लगेच आचरणात आणू का?' या एकाच प्रश्नाला झलू या शिष्याला 'थांब' आणि रान यू या दुसऱ्या शिष्याला 'हो' असं उत्तर मिळतं. कारण पहिला उतावळा, दुसरा कचरणारा. भाषांतरागणिक क्रमांक एखाद्याने मागेपुढे होतात, म्हणून कोणती आवृत्ती वापरली ते लिहाच.

'लीजी' या आचारविधींवरच्या प्राचीन चिनी ग्रंथातलं 'श्वेजी' हे शिक्षणावरचं छोटं प्रकरण बहुतेक जण वगळतात. शिकणाऱ्याचे चार दोष त्यात आहेत: फार घेणं, फार थोडं घेणं, सोपं समजणं, मध्येच थांबणं. दोष कोणता ते आधी ओळखायचं, मग शिकवायचं. बी.एड.च्या निदानात्मक चाचणीशी तुलना इथेच करा.

भाषेचं म्हणाल तर एम.एड.पुरती दोन इंग्रजी भाषांतरं शेजारी ठेवून भागेल. 'लुन्यू'च्या पहिल्याच वाक्यातला 'शी' हा शब्द तपासा. त्याचा अर्थ सराव करणं असाही होतो. 'उजळणी' एवढंच धरलं, तर सगळा युक्तिवाद पुन्हा पाठांतराकडे घसरतो. पीएच.डी.ला मात्र अभिजात चिनी हवी. एचएसके परीक्षा आधुनिक चिनीची असते. ती उत्तीर्ण होऊनही 'लुन्यू' वाचता येत नाही. मूळ भाषेकडे वळायचं असेल तर जेएनयू किंवा शांतिनिकेतनचं चीना भवन (स्थापना 1937) यांची प्रवेशपात्रता पाहून ठेवा.

नोकरी या विषयावर मिळणार नाही, त्यासाठी शिक्षणशास्त्रातली नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) उपयोगी पडेल. प्रबंधाबरोबरच त्याची तयारी सुरू करा.